बचत गटातून उद्योग उभा करताना : आधी मजुरी, मग नफा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात गटाच्या मासिक बैठकीत कोषाध्यक्ष ताईंनी अभिमानाने वही पुढे केली. १० किलो शेंगदाण्यांची चटणी केली होती, २०० ग्रॅमची ५० पाकिटे ७० रुपयांना एक याप्रमाणे विकली होती आणि माल, गॅस, पिशव्या, गाडीभाडे असा सगळा खर्च वजा जाता १,१९० रुपये उरले होते. आनंद खरा होता आणि वहीही नीट लिहिलेली होती. मी एवढेच विचारले की शेंगदाणे भाजायला, साल पाखडायला, लसूण सोलायला, कुटायला आणि पाकिटे भरायला किती जणी होत्या आणि किती वेळ लागला. तिघी होत्या, प्रत्येकीचे सहा तास गेले होते. ते १८ तास वहीत कुठेच नव्हते.

राज्यातल्या बहुतेक महिला उद्योगांची पहिली चूक हीच असते, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच येतात. बाईचा वेळ फुकट धरला की तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो, भाव कमी ठेवला जातो, काम वाढते तशी थकवा आणि चिडचिड वाढते आणि वर्षभरात ‘बायकांना जमत नाही’ असा निष्कर्ष गावात पसरतो. प्रत्यक्षात बायकांना सगळे जमलेले असते, हिशोब तेवढा चुकलेला असतो. म्हणून या लेखात उद्योगाच्या पायऱ्या क्रमाने सांगताना प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावली आहे : काम करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या तासांचे पैसे पडतात का? उदाहरण शेंगा चटणीचेच ठेवले आहे. पापड, मसाले, गोधड्या, शिवणकाम, रोपवाटिका, खानावळ यांना आकडे वेगळे लागतील, पद्धत हीच लागेल.

उद्योगाआधी गटाची वही तपासा

नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून आणि ‘उमेद’, म्हणजे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ पासून काम करत आहे. या सगळ्यांनी गटांना शिकवलेली पंचसूत्री अशी आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशोब. पुष्कळ गटांना ती तोंडपाठ आहे. उद्योगाचा विचार करण्याआधी मागच्या १२ महिन्यांचे इतिवृत्त आणि कर्ज नोंदवही उघडावी आणि ही सूत्रे खरोखर पाळली गेली का, ते पाहावे. बैठका सह्यांपुरत्या झाल्या असतील, एखाद्या सदस्येचे कर्ज चार महिने थकले असेल आणि त्यावर कोणी बोलत नसेल, तर उद्योग पुढे ढकलावा. बचतीच्या शंभर रुपयांबाबत मोकळेपणाने न बोलणारा गट कच्च्या मालाच्या दहा हजारांबाबतही बोलत नाही.

हिशोब ‘लिहिता-वाचता येणाऱ्या एकीचा’ राहू नये, याची काळजी सुरुवातीलाच घ्यावी. साताऱ्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तेव्हा संस्थापक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले की आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशोब तोंडी करता येतो, हवे तर परीक्षा घ्या. परवाना मिळाला. प्रत्येक गटात अशा दोन-तीन जणी असतातच. लिहिणारीने लिहावे, पण प्रत्येक बैठकीच्या शेवटी आकडे मोठ्याने वाचावेत आणि न लिहिणाऱ्या एखादीने ते तोंडी पडताळून मगच वही बंद करावी.

कोण करणार, आणि कोणत्या वेळात

गटात १० ते २० सदस्य असतात. त्या सगळ्यांनी मिळून एकच धंदा करावा, हा आग्रह सोडून द्यावा. एकीकडे दोन म्हशी आहेत, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे, तिसरीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. सगळ्यांना सारखे काम देता येत नाही, आणि सारखे काम नसताना सारखी वाटणी केली की भांडण ठरलेलेच. ज्यांना खरोखर करायचे आहे अशा तीन ते पाच जणींचा उद्योग गट करावा, मूळ बचत गटाने त्यांना कर्ज द्यावे आणि त्यावर व्याज घ्यावे. म्हणजे उद्योग न करणाऱ्या सदस्यांनाही त्यात लाभ राहतो आणि लक्षही राहते.

त्यानंतर या सगळ्या जणींनी एक आठवडा स्वतःच्या दिवसाची नोंद ठेवावी : पहाटे किती वाजता उठणे, पाणी, स्वयंपाक, शेत, जनावरे, मुलांची शाळा, रात्रीची झाकपाक. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनावेतन घरकामात घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. जवळपास पाच तास आधीच खर्ची पडलेल्या दिवसात उद्योगाचे चार तास कुठून येणार, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर मांडला पाहिजे. ते तास झोपेतून येणार असतील, तर तो उद्योग सहा महिनेही टिकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या घरात ‘सोमवार-गुरुवार संध्याकाळचा स्वयंपाक दुसरे कोणीतरी करील’ असे नेमके ठरले, तिथे काम टिकले. ‘मदत करू’ असे मोघम आश्वासन दिलेल्या घरात ते हळूहळू सुटले. म्हणून प्रकल्प अहवालाआधी हे घरगुती वेळापत्रक ठरवावे, आणि सासरे, पती, मोठा मुलगा यांना एका बैठकीला बोलावून ते त्यांच्यासमोर वाचावे.

पहिला घाणा आणि त्याचा हिशोब

यंत्र घेण्याआधी, कर्ज काढण्याआधी आणि नाव ठरवण्याआधीसुद्धा घरच्याच भांड्यांत किमान तीन घाणे करून पाहावेत (एका वेळी केलेला माल म्हणजे एक घाणा). प्रत्येक घाण्याला वजनकाटा, घड्याळ आणि वही जवळ असावी. कच्चा माल तोलून घ्यायचा, तयार माल तोलून घ्यायचा आणि मधली तूट लिहायची. शेंगदाणे भाजल्यावर ओलावा जातो, साल पाखडल्यावर आणखी वजन उतरते, कुटताना आणि भरताना थोडे सांडते, चवीला म्हणून चार हात पातेल्यात जातात. आमच्या उदाहरणातल्या १० किलो शेंगदाण्यांत लसूण, तिखट, जिरे, मीठ पडूनही शेवटी भरली गेली ती १० किलोच चटणी, म्हणजे ५० पाकिटे. ही तूट गृहीत न धरता पाकिटांचा हिशोब केला तर पहिल्याच घाण्याला भाव चुकतो.

आता त्या ताईंची वही पुन्हा मांडू. आकडे त्या वेळच्या त्यांच्या बाजारातले आहेत, आपल्या गावाचे आपण घालावेत. शेंगदाणे १,३०० रुपये, लसूण २००, तिखट २४५, जिरे-मीठ ६५, असा कच्चा माल १,८१० रुपयांचा. पाकिटे आणि लेबले २००, गॅस आणि वीज १५०, गाडीभाडे १५०. एकूण २,३१०. विक्री ३,५०० रुपयांची, म्हणून वहीत १,१९० रुपये शिल्लक.

त्या भागात तेव्हा सहा तासांच्या खुरपणीला बाईला ३०० रुपये रोज मिळत होता, म्हणजे तासाला ५० रुपये. चटणीला खुरपणीपेक्षा कमी मजुरी धरण्याचे काही कारण नाही, उलट हातची चव हे कसबच आहे, पण निदान तेवढी तरी धरू. १८ तासांचे ९०० रुपये झाले. मिक्सर आणि पाकीट बंद करायचे यंत्र झिजते, कधीतरी नवे घ्यावे लागणार आहे, त्यासाठी घाण्यामागे ६० रुपये बाजूला ठेवू. खर्च ३,२७० वर गेला, शिल्लक २३० रुपये. एका पाकिटाचा खरा खर्च ६५ रुपये ४० पैसे निघाला.

इथपर्यंत ती चटणी ओळखीच्या लोकांना हातोहात विकलेली होती. तेच पाकीट किराणा दुकानात ठेवले आणि दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के घेतले, तर गटाच्या हाती पाकिटामागे ५६ रुपये येतात. ५० पाकिटांचे २,८०० रुपये, म्हणजे घाण्यामागे ४७० रुपये तोटा. ‘दुकानात माल लागला’ म्हणून पेढे वाटले गेले आणि प्रत्यक्षात त्या दिवसापासून तिघींच्या मजुरीतून दुकानदाराचा नफा दिला जाऊ लागला. कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण मजुरी वहीत नव्हतीच.

भाव कसा ठरवावा? खऱ्या खर्चावर निदान १० टक्के गटासाठी ठेवावेत, म्हणजे सुमारे ७२ रुपये. दुकानदाराचे २० टक्के छापील किमतीतून जाणार असल्याने ७२ ला ०.८ ने भागावे, उत्तर ९० येते. छापील किंमत ९० रुपये हवी. घरून थेट विकतानाही ९० रुपयांनाच विकावे, कारण गावात ७० आणि दुकानात ९० असे झाले की दुकानदार माल परत करतो. थेट विक्रीतून पाकिटामागे जे १८ रुपये जास्त मिळतात, ते फिरण्याची आणि विकण्याची मजुरी समजावी आणि विकणारीला त्यातला वाटा द्यावा.

२०० ग्रॅमला ९० रुपये गिऱ्हाईक देईल का, हा रास्त प्रश्न आहे. देत नसेल तर मजुरी कापू नये, तास कमी करावेत. या तिघींनी कामाचे तुकडे करून वेळ लिहिला तेव्हा दिसले की सर्वांत जास्त वेळ कुटण्यात जात नव्हता, तो साल काढण्यात आणि लसूण सोलण्यात जात होता. त्या कामांना यंत्र घेऊन १८ तासांवरून काम ११ तासांवर आणता आले, तर मजुरी ५५० होते. यंत्राच्या घसाऱ्याला १०० धरले तरी घाण्याचा खर्च २,९६० आणि पाकिटाचा ५९ रुपये २० पैसे होतो, आणि छापील किंमत ८२ रुपयांवर भागते. कोणते यंत्र आधी घ्यायचे, याचे उत्तर असे वहीतून मिळाले पाहिजे. अनुदानात जे उपलब्ध आहे ते घ्यायचे, अशी पद्धत मला माहीत असलेल्या एका गटाने पत्करली. शेवयांचे मोठे यंत्र दारात आले, घरात तीन फेजची वीज नव्हती, आणि ते यंत्र दोन पावसाळे ताडपत्रीखाली उभे राहिले. हप्ते मात्र चालूच होते.

टिकाऊपणाची परीक्षाही याच पायरीवर करावी. शेंगदाण्याला तेल असते, हवा आणि ऊन लागले की चटणी खवट होते. प्रत्येक घाण्याची सहा पाकिटे बाजूला ठेवून दर १५ दिवसांनी एक फोडावे, वास आणि चव पाहावी आणि तारीख घालून लिहून ठेवावे. जितके दिवस खात्रीने चांगली राहते, त्याहून थोडे कमी दिवसच पाकिटावर छापावेत. बुरशी आलेला, काळपट किंवा सुरकुतलेला दाणा निवडून फेकलाच पाहिजे, कारण त्या बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. निवडण्याचा हा वेळही मजुरीत धरावा.

नोंदणी, लेबल आणि मोबाइल क्रमांक

खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. कमी उलाढालीच्या घरगुती उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, ऑनलाइन नोंदणी पुरते, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी कोणी दीड-दोन हजार मागत असेल तर ते नोंदणीचे पैसे नव्हेत, हे ओळखावे. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते.

लेबलवर पदार्थाचे नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावे, घाणा क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह असावे. शेंगदाण्याची काहींना तीव्र ॲलर्जी असते, म्हणून तो उल्लेख ठळक हवा. पोषणमूल्यांचा तक्ता कधी लागतो आणि कधी सूट मिळते, ते नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. घाणा क्रमांकाचा कंटाळा अजिबात करू नये. एका पाकिटाची तक्रार आली तर त्या घाण्याची पाकिटे मागे घेता येतात, नाहीतर संशयाने सगळाच माल परत येतो.

कागदांच्या या पायरीवर एक बारीक गोष्ट मी आवर्जून तपासते. नोंदणी ताईंच्या नावावर असते, पण सांकेतिक क्रमांक (ओटीपी) कोणाच्या मोबाइलवर येतो? एका ताईंच्या उद्यम नोंदणीत, बँक खात्यात आणि अन्न नोंदणीत तिन्हीकडे मुलाचा क्रमांक होता. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्यांना स्वतःच्या खात्यातून पैसे काढण्यासाठी त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वाट पाहावी लागू लागली. मुलगा चांगला होता, तरीही. आधार, बँक आणि नोंदणी यांना ताईंचा स्वतःचा, त्यांच्याच हातातल्या फोनचा क्रमांक जोडावा आणि आलेला सांकेतिक क्रमांक वाचायला त्यांना शिकवावे. शिकायला दोन दुपारी लागतात.

भांडवल : यंत्रापेक्षा खेळता पैसा आधी

पहिल्या तीन घाण्यांचा पैसा गटाच्या बचतीतूनच यावा. त्यानंतर ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, कर्जाने मिळणारा समुदाय गुंतवणूक निधी, मग बँक, असा क्रम ठेवला तर कर्ज धंद्याच्या मापाने वाढते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यात येऊ लागल्यावर काही जणींनी त्यातले काही पैसे ठरवून भांडवलाला लावले. विचार चांगला आहे, पण ते पैसे धंद्याची विक्री म्हणून वहीत मिसळू नयेत, मालकिणीची गुंतवणूक म्हणून वेगळे लिहावेत, नाहीतर धंदा चालतो की नाही हे कळत नाही.

खेळत्या भांडवलाचा हिशोब साधा आहे आणि तो सहसा केला जात नाही. महिन्याला चार घाणे केले तर माल-गाडीभाड्याचे ९,२४० आणि मजुरीचे ३,६०० असे १२,८४० रुपये लागतात. दुकानदार महिन्याने पैसे देणार असेल तर एवढी रक्कम पहिल्या दिवशी हातात हवी. दीड महिन्याने देणार असेल तर १९,२६० रुपये. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची अडचण हीच होती. कामगार जेवणाचे पैसे पगाराला द्यायचे, वाण्याकडचा माल उधारीवर चढ्या भावाने घ्यावा लागायचा आणि कष्टाची कमाई व्याजात जायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेच्या कर्जाशी जोडले, तेव्हा त्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट मिळाली. गिरण्या गेल्या, पण माल आधी आणि पैसे नंतर हा पेच प्रत्येक लहान धंद्यात तसाच आहे.

बँकेत जाताना काही नियम माहीत असावेत. बचत गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही ठेवता येत नाही. ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या व्याजसवलतीत ३ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्के दराने मिळते. ‘आधी मुदत ठेव करा’ असे सांगितले गेले तर ही मागणी लेखी द्यावी अशी नम्र विनंती करावी आणि बँक सखीला, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला, सोबत न्यावे. एकटीला कर्ज हवे असेल तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर हे गट आहेत.

अनुदानाच्या योजनांत प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान असून तिचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के असतो. अर्ज जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी मंडळामार्फत होतो. योजनांची मुदत आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात कृषी कार्यालयात किंवा उद्योग केंद्रात जाऊन खात्री करावी. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : या दोन्ही योजनांत अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षे कर्जखात्याशी जोडून ठेवले जाते आणि धंदा चालू असेल तर शेवटी कर्जात वळते होते. तोपर्यंत हप्ता पूर्ण कर्जावर बसतो. हप्ता भरण्याची ताकद विक्रीत आहे का, हे अनुदान नाही असे समजूनच तपासावे. आठवड्याचे हप्ते घेणाऱ्या खासगी कंपन्यांचे एक कर्ज फेडायला दुसरे काढले जात असेल, तर उद्योगाचे कर्ज त्या दिवशी मागूच नये, आधी ते ओझे उतरवावे.

विक्री

पहिले सहा महिने विक्री २० किलोमीटरच्या आत ठेवावी. आठवडी बाजार, शाळेचे शिक्षक, बँकेचे कर्मचारी, एसटी स्थानकाजवळची दोन दुकाने, आणि गावातून पुण्या-मुंबईला राहायला गेलेली कुटुंबे, जी सुट्टीला आल्यावर पिशवी भरून नेतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने ओळख आणि आत्मविश्वास देतात, पण तिथल्या विक्रीतून प्रवास, मुक्काम आणि त्या दिवसांची मजुरी वजा केल्यावर काय उरले ते लिहावे, आणि तिथे घेतलेल्या फोन क्रमांकांवर महिन्याभरात परत संपर्क करावा. उधारीची मर्यादा दुकानागणिक ठरवावी : मागच्या मालाचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल नाही. हे सांगायला जड जाते, विशेषतः दुकानदार नात्यातला असला तर. म्हणून हा नियम बैठकीत ठराव करून लिहून घ्यावा, म्हणजे पैसे मागायला गेलेल्या ताईंना ‘गटाचा नियम आहे’ असे म्हणता येते.

दुसऱ्या बायकांना काम देताना

महिन्याला दहा-बारा घाणे होऊ लागले की बाहेरच्या बायका कामावर घ्याव्या लागतात. उद्योगाची मालकीण असणे आणि दुसऱ्या बाईला रोजगार देणे यांत मोठी जबाबदारी आहे, आणि महिलांनी चालवलेल्या उद्योगातही ती विसरली जाऊ शकते. ‘आपलीच तर आहे’ म्हणून तासभर जास्त थांबवणे, विक्री झाल्यावर पैसे देऊ म्हणणे, हे इथेही घडते. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या कामात पापड लाटणारीला किलोमागे मजुरी मिळते आणि ती सदस्य म्हणून मालकीणही असते. ही दोन नाती त्यांनी वेगळी ठेवली. विक्री होवो न होवो, लाटलेल्याची मजुरी द्यायची. प्रत्येक गटाने एवढे तरी घ्यावे.

हजेरीपट ठेवावा, आठवड्याचा एक ठरलेला पगारदिवस असावा, मजुरी शक्यतो तिच्याच खात्यात जावी आणि रोख दिली तर सही किंवा अंगठा घ्यावा. कामाच्या जागी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि लहान मूल झोपवायला सावलीची जागा असावी. जिथे दहा किंवा अधिक जण काम करतात, तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि तिचा पत्ता भिंतीवर लावावा. माल आणणारा टेंपोवाला, दुकानदार यांच्या वागण्याबद्दलची तक्रारही याच कायद्यात बसू शकते, हे पुष्कळ जणींना माहीत नसते.

गटातल्या किंवा घरातल्या एखाद्या तरुणीला धंद्यापेक्षा नोकरी हवी असेल, तर तिला जबरदस्तीने चटणीला बसवू नये. बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यात चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत शिवण, ब्युटी पार्लर, संगणक, दुग्धव्यवसाय यांचे मोफत निवासी वर्ग असतात. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत महिलांसाठी वयाची मर्यादा ४५ पर्यंत आहे. तिथे पाठवताना प्रशिक्षणानंतर नोकरी कुठे लागते, राहण्याची सोय कोणती आणि हातात पगार किती येतो, हे आधीच्या तुकडीतल्या मुलीशी बोलून विचारावे.

शिल्लक, वाटणी आणि नावावर काय

मजुरी आठवड्याला द्यावी, नफा तीन महिन्यांनी वाटावा. दोन्ही एकत्र केले की जास्त राबणारीवर अन्याय होतो. तीन महिन्यांच्या नफ्यातला निम्मा भाग धंद्यात राखीव ठेवावा, असा माझा सल्ला आहे. शेंगदाण्याचा नवा माल बाजारात येतो तेव्हा एकदम खरेदी करायला तोच पैसा उपयोगी पडतो आणि वर्षभराचा भाव सांभाळला जातो. उरलेला निम्मा सदस्यांत गुंतवणुकीप्रमाणे वाटावा. वाटणी प्रत्येकीच्या वैयक्तिक खात्यात जावी आणि त्या पैशांचे काय करायचे हे तिने ठरवावे. मुलांची फी, दवाखाना हे होणारच, आणि तो तिचा निर्णय आहे. तरी तिच्या स्वतःच्या नावावर काहीतरी उभे राहते आहे का, हे वर्षातून एकदा विचारावे : आवर्त ठेव, विमा, सोने, शेळ्या, काहीही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून पत्नीच्या नावावर जमीन करण्याचे आवाहन शेतकऱ्यांना केले होते. सातबाऱ्यावर नाव येईल तेव्हा येईल, पण मिक्सर, शीतपेटी, दुचाकी यांची बिले आजही ताईंच्या किंवा गटाच्या नावाने घेता येतात. बिल, हमीपत्र आणि विम्याचा कागद एका पिशवीत गटाच्या पेटीत ठेवावा.

बंद करण्याची वेळ आली तर

सलग दोन तिमाही मजुरी पूर्ण देता आली नाही, भाव वाढवूनही आणि तास कमी करूनही, तर तो पदार्थ थांबवावा. ही पायरी प्रशिक्षणात सहसा शिकवली जात नाही, म्हणून धंदे वेळेवर बंद न होता कर्जात बुडून बंद होतात. थांबवायचे ठरल्यावर नवा माल घेणे त्याच दिवशी बंद करावे, दुकानांतली येणी यादी करून वसूल करावीत, तयार माल मुदतीच्या आत विकावा, यंत्र चालू स्थितीत असतानाच शेजारच्या गटाला विचारावे. आलेल्या पैशातून आधी कामावरच्या बायकांची थकलेली मजुरी, मग बँक, मग ग्रामसंघ आणि बचत गट, आणि काही उरले तर मालकिणींची गुंतवणूक, या क्रमाने द्यावे. अन्न नोंदणी परत करावी, उद्यम नोंदणीत बदल करावा. घाण्यांची वही मात्र फेकू नये. कुठल्या कामाला किती मिनिटे लागली, कुठल्या महिन्यात कुठला भाव होता, कोणता दुकानदार वेळेवर पैसे देत होता, हे सगळे तिच्यात आहे, आणि पुढचा पदार्थ निवडायला बसताना पहिल्यांदा तीच उघडायची आहे.